गाण्याचें तिकीट आणि माणसाचा हक्क

(नागपूर केंद्रावरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्याकडे गाण्याची बैठक ही नुसती करमणूक अशी फारशी कधीं नव्हती. देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असो, वाचनालयास कपाट घ्यावयाचें असो, कीं एखाद्या होतकरू मुलाची परीक्षेची फी भरावयाची असो, चार शहाणीं माणसें एकत्र बसलीं म्हणजे कोणी तरी म्हणावयाचें, "एखादा गवई बोलवा, नाहीं तर नाटकाचा एक खेळ लावा." ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन मातब्बर नट, एरव्हीं परस्परांचे प्रतिस्पर्धी, एका रंगभूमीवर उभे राहिले, आणि त्या संयुक्त 'मानापमाना'चें उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास देण्यांत आलें. ह्या खेळाची हकीकत आमच्या लहानपणीं घरांतील वृद्ध मंडळी अशा ओढीनें सांगत कीं, जणूं त्या रात्रीचें तिकीट अद्याप त्यांच्या खिशांत आहे.

त्या रात्रीं तिकीट घेणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न मात्र आला नसेल. पैसे ज्याच्यासाठीं जमत होते तो देश त्याचा स्वतःचाच होता. देणारा आणि घेणारा ह्यांत अंतर नव्हतें. परंतु ज्यांना आपणच उंबऱ्याबाहेर ठेवलें अशा माणसांसाठीं गाणें लावलें, आणि गाणारेहि तेच असले, तर त्या तिकिटास काय म्हणावें? दान म्हणावें, गाण्याची किंमत म्हणावी, कीं जुन्या देण्याचा एक हप्ता म्हणावा? हा प्रश्न मला एका संध्याकाळीं पडला. आज तोच आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

नागपुराहून चंद्रपूरच्या वाटेनें सुमारें शंभर किलोमीटर गेलें म्हणजे वरोरा लागतें. तेथें बाबा आमटे ह्यांनीं वसविलेलें आनंदवन आहे. त्या वसाहतींतील रहिवाशांचा एक वाद्यवृंद आहे. त्याचें नांव 'स्वरानंदवन'. बाबांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे ह्यांच्या पुढाकारानें तो २००२ सालीं उभा राहिला. कुष्ठरोगांतून बरे झालेले, अंध, मूकबधिर, हातापायांनीं अधू अशा कलावंतांचा हा संच ठिकठिकाणीं कार्यक्रम करीत आला आहे, आणि त्यांतून होणारी मिळकत आनंदवनाच्या कार्यास जाते. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांचा एक कार्यक्रम मीं नागपुरांत ऐकला. शेजारच्या एका गृहस्थांनीं दोन तिकिटें आग्रहानें गळ्यांत मारलीं होतीं म्हणून गेलों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

जातांना मनाची तयारी एकाच गोष्टीची होती. डोळ्यांत थोडें पाणी आणावयाचें, निघतांना पेटींत एक नोट टाकावयाची, आणि घरीं येऊन पुण्यवंताप्रमाणें झोपी जावयाचें. परंतु पडदा उघडला आणि कांहीं निराळेंच घडूं लागलें. एक अंध गायक पुढें आला. त्याचा आवाज मोकळा होता, दमसासहि चांगला होता. तिसऱ्या कीं चौथ्या गाण्यांत वरच्या षड्जावर त्याचा सूर किंचित् उतरला, आणि मी सहज पुटपुटलों, "सूर कमी लागला." शेजारीं बसलेल्या माझ्या पत्नीनें माझ्याकडे वळून पाहिलें. मीहि दचकलों. आपण ह्या माणसाची चूक काढली, हें बोलून गेल्यावर माझ्या लक्षांत आलें. मग विचार आला कीं, चूक काढली ती गवई समजूनच काढली. दया करणारा माणूस सूर तपाशीत नाहीं. तो सगळ्यालाच सारख्या टाळ्या वाजवितो. त्या गायकानें पहिल्या दहा मिनिटांत माझी दया बाजूला सारली होती, आणि तिकीट घेऊन बसलेला एक सामान्य श्रोता, थोडा खडूस, थोडा रसिक, एवढेंच मला शिल्लक ठेवलें होतें.

पुढें मूकबधिर मुलांमुलींचें नृत्य झालें. त्यांना ठेका ऐकूं येत नाहीं. समोर बसून कोणी हातांच्या खुणांनीं मात्रा दाखवीत होतें, आणि मुलांचे पाय समेवर बिनचूक पडत होते. सभागृहांत आमच्यासारखे कान शाबूत असलेले कित्येक लोक टाळीचा ठेका चुकवीत होते, आणि ज्यांना ऐकूं येत नव्हतें तीं मुलें तो बरोबर धरून होतीं. मी त्या मुलांचे चेहरे पाहूं लागलों, आणि पाहतां पाहतां मला एका निराळ्याच मुलाचा चेहरा आठवला.

मीं छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं. शिक्षकाचें प्रशिक्षण घेतलें आणि लहान वयांतच खडू हातीं धरला. नोकरीच्या आरंभींची, १९८२-८३ सालची ही गोष्ट आहे. शाळेचें नांव सांगत नाहीं. दोष शाळेचा असला तरी त्यांत माझा वांटा मोठा आहे, आणि तेवढाच सांगावयाचा आहे. माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. अभ्यासांत बेताचा, गळा मात्र असा गोड कीं, शनिवारीं शेवटच्या तासाला सारा वर्ग त्याला गाणें म्हणावयास लावी. एके दिवशीं पाऊस आला म्हणून त्याचे वडील त्याला न्यावयास आले. त्यांच्या बोटांकडे दोघा पालकांची दृष्टि गेली. दुसऱ्या दिवशीं तक्रार आली. मुलाच्या अंगावर कसलाहि डाग नव्हता. त्याची बसण्याची जागा बदला, एवढेंच मला सांगण्यांत आलें, आणि मीं त्याचें बस्कर दाराशीं नेऊन ठेवलें. शारदोत्सवांत गाणाऱ्या मुलांच्या यादींतून त्याचें नांव कमी झालें. ती यादी माझ्याच हस्ताक्षरांत होती. उत्सवाच्या दिवशीं तो व्हरांड्यांत उभा राहून, आंतल्या मुलांबरोबर हलक्या आवाजांत तेंच गाणें म्हणत होता. मीं तें ऐकलें, आणि मान दुसरीकडे वळविली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेंत आला नाहीं. हजेरीपटांत कांहीं दिवस मीं गैरहजेरीची खूण केली, आणि पुढें त्याच्या नांवावर रेघ ओढली. रेघ सरळ यावी म्हणून पट्टी लावली होती, हें मला अजून आठवतें. त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी असें मनांत आलें नाहीं असें नाहीं. पण गेलों नाहीं. भीति होती. कशाची, तें त्या वेळीं मला सांगतां आलें नसतें.

ह्या भीतीविषयीं बाबा आमटे ह्यांनीं आपल्या आयुष्यांत जेवढें उघडपणें सांगितलें तेवढें सांगणारा माणूस विरळा. मुरलीधर देविदास आमटे ह्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं हिंगणघाटास झाला. घर श्रीमंताचें, वकिलीचा धंदा चालता. वरोऱ्यास असतांना भंग्यांच्या कामाचे कष्ट स्वतः जाणून घ्यावेत म्हणून त्यांनीं मैला वाहण्याचें काम कित्येक महिने केलें. असा निर्भय माणूस! तोच एका पावसाळी संध्याकाळीं रस्त्याच्या कडेला पडलेला, बोटें झडलेला, मरणोन्मुख महारोगी पाहून घाबरला आणि तेथून पळाला. त्या रोग्याचें नांव तुळशीराम. पळालेले बाबा परत आले, त्याच्यावर आडोसा केला, आणि शेवटपर्यंत त्याची शुश्रूषा केली. परंतु आपण पळालों, ही गोष्ट त्यांच्या मनांतून गेली नाहीं. जेथें भीति आहे तेथें प्रेम नाहीं, असा विचार त्यांनीं धरला, आणि ती भीति घालविण्यासाठींच ते ह्या कामांत उतरले. कलकत्त्यास जाऊन त्यांनीं ह्या रोगाच्या उपचारांचें शिक्षण घेतलें. त्यांच्या पत्नी साधनाताई ह्या आमच्या नागपूरच्या, घुले घराण्यांतल्या. सोवळ्या-ओवळ्याच्या घरांतून आलेल्या ह्या बाईंनीं तो सारा संसार आपलासा केला, आणि त्याची कहाणी 'समिधा' ह्या पुस्तकांत सांगून ठेवली आहे.

बाबा परत आले. मी परत गेलों नाहीं. एवढाच फरक. पण तो लहान नव्हे.

आनंदवनाचा आरंभ १९५१ सालचा. विनोबाजींच्या हस्तें ज्या जमिनीवर तें सुरू झालें ती खडकाळ आणि झुडपांनीं भरलेली होती. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि हातांत चौदा रुपये. विहीर खणली, पाणी लागलें, भाजीपाला पिकला. येथपर्यंतची कथा कष्टाची आहे, आणि कष्टाच्या कथा आपल्याला आवडतात. पुढचा प्रसंग मात्र आपल्याला फारसा आवडण्याजोगा नाहीं. भाजी घेऊन हे लोक बाजारांत गेले, तेव्हां ती कोणी विकत घेईना. फुकट अन्न द्यावयास गांव तयार होतें, कारण दिलेल्या अन्नाला आपला हात लागतो, त्यांचा लागत नाहीं. परंतु त्यांनीं पिकविलेली भाजी दाम मोजून घेणें म्हणजे त्यांचा हात आपल्या ताटापर्यंत येऊं देणें. परदेशांतून आलेले तरुण स्वयंसेवक आनंदवनांत राहून ह्या लोकांबरोबर खातात-पितात, हें डोळ्यांनीं पाहिल्यावर आसपासच्या लोकांची भीड हळूहळू चेपली. पुढें तेथें महाविद्यालय निघालें, तेव्हां त्याच वरोऱ्याच्या आणि आसपासच्या गांवांच्या घरांतलीं निरोगी मुलें, ह्याच लोकांनीं श्रम करून उभारलेल्या इमारतींत शिकावयास येऊं लागलीं.

श्रोतेहो, माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला ह्या भाजीच्या टोपलींत सांपडतें. भीक घालणाऱ्यानें महारोग्याला कधीं नाकारलें नाहीं. त्याला नाकारलें तें गिऱ्हाइकानें, घरमालकानें, शाळामास्तरानें. त्याला अन्नापेक्षां अधिक हवें होतें तें गिऱ्हाईक. ह्या दृष्टीनें पाहिलें तर गाण्याचें तिकीट आणि ती भाजी हीं एकाच जातीचीं. तिकिटाला किंमत आहे, म्हणून गाण्याला किंमत आहे, आणि म्हणून सूर उतरला तर तो उतरला म्हणावयाची श्रोत्याला मुभा आहे. आनंदवनाच्या मित्रमेळाव्यांत पु. ल. देशपांडे ह्यांच्यासारखे रसिक जात. अशा रसिकाची पाठीवर थाप मिळणें म्हणजे काय, हें कलावंतालाच कळतें. कींव करणाऱ्याच्या थापेला तो अर्थ येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, ह्यांत मानवी हक्कांचा प्रश्न कोठें आला? रोग हा दैवाचा भाग; हक्क ही कोर्टकचेरीची भाषा. म्हणून थोडा कायद्याचा इतिहास सांगतों. १८९८ साली इंग्रज सरकारनें महारोग्यांविषयीं एक कायदा केला. निर्धन महारोग्यास पकडून वेगळ्या जागीं ठेवण्याची सोय त्यांत होती. एवढेंच नव्हे, तर खाण्यापिण्याचे पदार्थ विकणें, सार्वजनिक विहिरीचें पाणी भरणें, भाड्याच्या गाडींतून जाणें, ह्या गोष्टींचीहि त्यांना मनाई करण्याचा अधिकार त्यानें दिला होता. म्हणजे भाजीची टोपली नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीशीं कायद्याचा हात होता. इंग्रज गेले, कायदा राहिला. तो पुस्तकांतून निघाला २०१६ सालीं. नवराबायकोपैकीं एकास हा रोग झाला, एवढ्याच कारणावरून दुसऱ्यास घटस्फोट मागतां येत असे; तें कारण विवाहविषयक कायद्यांतून वगळलें गेलें २०१९ सालीं. दरम्यान औषध केव्हांच आलें होतें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधांची उपचारपद्धति सुचविली. सहा महिने किंवा एक वर्ष गोळ्या घेतल्या कीं रोगी बरा होतो, आणि उपचार सुरू होतांच त्याच्यापासून दुसऱ्यास होणारी बाधा झपाट्यानें थांबते. ह्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. बोटें वांकडीं होतात तीं मज्जातंतूंना इजा झाल्यामुळें; रोग गेल्यावर तीं वांकडीं राहिलीं तरी त्यांपासून कोणासहि धोका नसतो. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांची बोटें तशींच असतील. हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. पण विचारलें असतें तर सांगणारे डॉक्टर नागपुरांत होते.

रोग बरा करावयास वर्ष पुरतें. कायदा बरा व्हावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. ह्या अंतरालाच हक्काचा प्रश्न म्हणतात. १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधि हंसाबेन मेहता ह्यांच्या आग्रहामुळें तेथें 'सर्व मानव' असे शब्द आले. ह्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षें झालीं तेव्हां, १९८८ सालीं, संयुक्त राष्ट्रांचें मानवी हक्कांचें पारितोषिक ज्यांना मिळालें त्यांत दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला होते आणि आमचे बाबा आमटेहि होते. मंडेला त्या वेळीं कैदेंत होते. एक कारागृहाच्या भिंती पाडावयास झटणारा, दुसरा मनांतल्या भिंती. पारितोषिक देणाऱ्यांनीं दोघांचें काम एकच मानलें. बाबांचें काम म्हणजे परोपकार, असेंच आपण घरोघर म्हणत होतों. जगानें त्याला न्याय म्हटलें.

त्याच १९८८ सालीं, त्याच चाळीस वर्षांच्या निमित्तानें, नामवंत गायकांचा एक ताफा मानवी हक्कांसाठीं जगभर गात फिरला, आणि ३० सप्टेंबरला दिल्लींतहि त्यांचा जलसा झाला. त्याच्याहि आधीं, १ ऑगस्ट १९७१ रोजीं, पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन ह्यांनीं न्यू यॉर्क येथें बांगला देशाच्या निर्वासितांसाठीं केलेला कार्यक्रम तर प्रसिद्धच आहे. त्यांतल्या दोन गोष्टी मला बोधप्रद वाटतात. पंडितजी आणि अली अकबर खांसाहेब आपलीं वाद्यें जुळवून थांबले, तों श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हां, जुळविणेंच इतकें आवडलें तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा पंडितजींनीं मिस्किलपणें बोलून दाखविली. हेतु उदात्त असला कीं श्रोता कशालाहि टाळ्या वाजवितो, तो असा! दुसरी गोष्ट पैशाची. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट ह्यांपासून झालेलें बरेंचसें उत्पन्न करमाफीची व्यवस्था आधीं न केल्यामुळें कित्येक वर्षें अडकून पडलें. तेव्हां गाणें लावणाऱ्या मंडळींनीं तंबोऱ्याइतकेंच हिशेबाच्या वहीकडेहि लक्ष द्यावें, हें शहाणपण मोठ्या लोकांच्या अनुभवावरून आपणांस फुकट मिळतें.

आतां घरची गोष्ट सांगून आटोपतों. स्वरानंदवनाचा कार्यक्रम ऐकल्यावर आमच्या वस्तींतल्या मंडळींनाहि उत्साह आला, आणि एका हिंवाळ्यांत आम्हीं कुष्ठरोगमुक्तांच्या मुलांच्या शिक्षणासाठीं एक गाण्याची रात्र ठरविली. पेटीवर एक पेन्शनर कारकून, तबल्यावर महाविद्यालयांतला एक मुलगा, आणि नाट्यगीतें म्हणावयास वस्तींतल्याच दोन भगिनी. आमंत्रणपत्रिकेवरून समितींत बराच वाद झाला. एकाचें म्हणणें, पत्रिकेवर पट्टी बांधलेल्या हातांचें चित्र घालावें, म्हणजे लोकांचें हृदय द्रवेल. मी विरोध केला. हातांचें चित्र पाहून द्रवलेलें हृदय ते हात दाराशीं आले म्हणजे घट्ट होतें, असा माझा स्वतःचा अनुभव होता. शेवटीं चित्र वगळलें, तिकिटाची किंमत छापली, आणि खालीं एवढेंच लिहिलें कीं, हिशेब आठ दिवसांत फलकावर लागेल. रक्कम मोठी जमली नाहीं, पण हिशेब लागला.

महिन्याभरानें एक तरुण आमच्या वस्तींत खोली शोधीत आला. तंत्रशिक्षणाची पदविका घेतलेला, हिंगण्याच्या एका कारखान्यांत नोकरीस लागलेला. आईवडील रोगमुक्त होऊन कुष्ठवसाहतींत राहतात, हें त्यानें आपण होऊन सांगितलें. गाण्याच्या रात्रीं सर्वांत अधिक तिकिटें ज्यांनीं खपविलीं होतीं त्यांनीं त्याला खोली रिकामी नसल्याचें सांगितलें. खोली रिकामी होती. तो माझ्याकडे आला. आमची माडीवरची खोली मुलगा पुण्यास गेल्यापासून बंदच होती. मी काय म्हणालों असेन? "विचार करून सांगतों." चाळीस वर्षांनंतरहि माझ्या तोंडून हेंच निघालें. तो फाटकापर्यंत गेला असेल नसेल, इतक्यांत पत्नी आंतून म्हणाली, "अहो, हा विचार तिकिटें विकतांना नव्हता का केला?" आणि तिनें स्वतः बाहेर जाऊन त्याला परत बोलाविलें.

भाड्याचें बोलणें निघालें तेव्हां मीं मोठ्या मनानें थोडें कमी सांगितलें. तो नम्रपणें म्हणाला, "काका, दुसऱ्याला सांगाल तेंच मला सांगा." तो आमच्याकडे सव्वा वर्ष राहिला. आमची मोलकरीण पंधरा दिवस आली नाहीं, मग येऊं लागली. शेजारीं कांहीं दिवस कुजबुज झाली, मग ती थांबली. दर महिन्याच्या पांच तारखेस तो भाडें देई आणि पावती मागून घेई. तिसऱ्या महिन्यांत त्यानें माझ्याकडे तक्रार केली कीं, माडीवरचा नळ गळतो आणि मी तो दुरुस्त करवीत नाहीं. तक्रार खरी होती. आधीं मला थोडा राग आला. मग त्या संध्याकाळचा अंध गायक आणि त्याचा उतरलेला षड्ज आठवला, आणि मी प्लंबरास बोलावणें धाडलें. जो माणूस उपकाराखालीं राहतो तो गळत्या नळाविषयीं बोलत नाहीं. हा बोलला.

अजूनहि आपल्या देशांत दरवर्षीं ह्या रोगाचे लाखाच्या आसपास नवे रुग्ण सांपडतात. २००५ च्या अखेरीस, दर दहा हजार वस्तीमागें एकाहून कमी रुग्ण उरले, म्हणून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ह्या अर्थानें त्याचें निर्मूलन झाल्याचें सांगण्यांत आलें. पण रोग संपला नाहीं, आणि त्याची लाज तर मुळींच संपली नाहीं. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवूं नये, दवाखान्यांत दाखवावा, एवढें तरी प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावें.

आणि गाण्याच्या कार्यक्रमांस अवश्य जावें. तिकीट अवश्य घ्यावें. गाणें कान देऊन ऐकावें, आवडलें तर दाद द्यावी, सूर उतरला तर तो कळला पाहिजे. परंतु सभागृहांतून बाहेर पडल्यावर, आपल्या घरची खोली, आपल्या कारखान्यांतली जागा, आपल्या मुलाच्या शेजारचें बांक, हीं त्या माणसाला आपण त्याच भावानें देऊं काय, हा प्रश्न स्वतःला विचारावा. मला त्याचें उत्तर पहिल्या वेळीं देतां आलें नाहीं, आणि दुसऱ्या वेळीं तें माझ्या पत्नीनें दिलें. माझा तो विद्यार्थी आज पन्नाशीच्या पुढें असेल. तो गातो कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. हें भाषण कदाचित् त्याच्या कानावर जाईल, ह्या आशेनें मीं त्याची गोष्ट सांगितली, आणि त्याचें बस्कर दाराशीं नेणारा हात माझा होता, हेंहि सांगितलें.